भिंतींतली तार

घरांतली एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कशी बिघडली हें पाहण्याच्या आधीं ती कोणीं बिघडवली हें ठरवून टाकण्याची आम्हां मोठ्या माणसांना संवयच असते. बरणीला तडा गेला कीं मोलकरीण, घड्याळ थांबलें कीं धाकटा नातू, आणि चष्मा हरवला कीं घरांतलीं झाडून सारीं माणसें! तो चष्मा आमच्याच कपाळावर सांपडला तरी ‘तो तेथें कोणीं ठेवला?’ असें विचारण्याइतका आमचा आवाज तोंपर्यंत चढलेला असतो. या संवयीचें प्रायश्चित्त परवां आम्हांस चांगलेंच घडलें. प्रसंग अगदीं घरगुती आहे. आणि त्यांतला अपराधी शेवटीं आम्हीच ठरलों असल्यामुळें तो चारचौघांत सांगण्यास कोणाची परवानगी घेण्याचेंहि कारण नाहीं.

आमच्या दिवाणखान्यांत एक मोठा टी.व्ही. आहे. गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें त्याला एक मीडिया प्लेअर जोडून दिला. मीडिया प्लेअर म्हणजे पंचांगाएवढ्या आकाराची एक काळी पेटी. घरांतले जुने फोटो, आवडते चित्रपट, मुलांचीं बारशीं, मुंजी, लग्नें असें सर्व एका डिस्कवर सांठवून ठेवावें आणि ही पेटी तें हवें तेव्हां पडद्यावर दाखवील, अशी ती योजना. पुतण्या नोकरीनिमित्त परगांवीं असतो. दिवाळीच्या चार दिवसांपैकीं दोन दिवस त्यानें या कामीं घालविले ते आमच्यासाठीं नव्हत, आपल्या आईसाठीं, म्हणजे आमच्या वहिनींसाठीं घालविले, हें आम्हांला ठाऊक होतें.

आमचे दादा दोन वर्षांपूर्वीं गेले. २०१९ सालीं त्यांची पंचाहत्तरी झाली तेव्हां पुतण्यानें सारा समारंभ आपल्या फोनवर, त्या फोनला साधेल तितक्या उत्तम प्रतीचा, टिपून ठेवला होता. अखेरीस दादा सत्काराला उत्तर देण्यास उभे राहिले, आणि उभ्या जन्मांत केलें नव्हतें तें त्यांनीं केलें. चारचौघांत पत्नीविषयीं दोन शब्द बोलले. पण ते शब्द वहिनींनीं ऐकलेच नाहींत. आचारी होता, वाढपी होते. तरी त्या वेळीं वहिनी आंत मठ्ठ्याला मीठ पुरेसें झालें कीं नाहीं हें पहात होत्या. ‘तुमचें नांव काढलें हो त्यांनीं,’ असें मागाहून चार बायकांनीं त्यांना सांगितलें. काय म्हणाले, हें विचारणें वहिनींच्या पिढीला जमत नाहीं. दादांना त्यांनीं विचारलें नसेल, आणि विचारलें असतें तरी दादांनीं सांगितलें नसतें. आतां वहिनींची नजर अधू झाली आहे, कानहि कमी झाले आहेत. फोनच्या चार बोटें रुंदीच्या कांचेवर त्यांना कांहीं दिसत नाहीं. म्हणून हा मोठा पडदा आणि म्हणून ही पेटी.

वहिनी वरच्या मजल्यावर रहातात. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारीं सायंकाळीं सात वाजतां, देवापाशीं दिवा लावून, त्या खालीं आल्या आणि पडद्यासमोर हात जोडून बसल्यासारख्या बसल्या. समारंभ सुरूं झाला. पुण्याहवाचन झालें, ओवाळणें झालें, आमचें लांबलेलें भाषण झालें. दादा उभे राहिले. त्यांनीं घसा साफ केला, दोन वाक्यें पाहुण्यांच्या आभाराचीं बोलले, आणि पडदा काळा झाला. आवाजहि गेला. त्या काळोखावर ‘सिग्नल नाहीं’ अशी ओळ उमटली. दोन-तीन सेकंदांनीं दादा परत दिसूं लागले ते श्रोत्यांच्या टाळ्यांत बसतांना! आम्हीं घाईघाईनें चित्र मागें नेलें. त्याच वाक्यापाशीं पुन्हां अंधार. तिसऱ्यांदा मागें नेलें. या वेळीं अंधार एक वाक्य आधींच आला. वहिनींनीं हात वर करून आम्हांला थांबविलें. ‘असूं द्या,’ म्हणाल्या, ‘पुढच्या शनिवारीं पाहूं.’

पुढच्या शनिवारींहि तेंच झालें. मधल्या दिवसांत आम्ही दुपारीं एकटेच बसून तें भाषण पहात होतों, तेव्हां तें पुष्कळदां सुरळीत पार पडे. एकदां असें झालेलें पाहून आम्ही उत्साहानें वर गेलों व वहिनींना घेऊन आलों, तों पुन्हां दोन वेळां काळोख! न दुखतां वैद्याकडे न्यावें आणि घरीं आल्यावर ठणका लागावा, तशी त्या पेटीची गत होती. तिसऱ्या शनिवारीं वहिनी खालीं आल्याच नाहींत. सौभाग्यवती त्यांना बोलवावयास गेल्या तेव्हां त्या म्हणाल्या, ‘राहूं दे ग. त्यांच्या मनांत नसेल मला सांगायचें.’ हें वाक्य सौभाग्यवतींनीं आम्हांला जसेंच्या तसें येऊन सांगितलें आणि त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

त्या रात्रीं आम्हीं जें केलें त्याची आम्हांला अजून लाज वाटते. आम्हीं पुतण्याला फोन लावला. वहिनी त्या वेळीं कांहीं कामासाठीं खालीं आल्या होत्या व आमच्या शेजारींच उभ्या होत्या. ‘ही स्वस्तांतली पेटी आणून तूं तुझ्या आईची काय थट्टा चालविली आहेस?’ असें आम्ही म्हणालों. तो क्षणभर गप्प राहिला. मग शांतपणें म्हणाला, ‘काका, मला वाटतें केबल बदलून पहा.’ आम्हीं उत्तर दिलें, ‘केबल उत्तम आहे. चौदा वर्षें ती बिनतक्रार काम करीत आहे. तुझी पेटीच हलकी!’ त्यानंतर महिनाभर त्याचा आम्हांला फोन आला नाहीं.

आतां यंत्राकडे वळतों. आमच्या लहानपणीं यंत्रें बिघडत तीं कण्हतकुंथत बिघडत. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरदर्शनाचा आरंभ झाला, मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें, आणि पुण्यास तें चित्र सिंहगडावरील मनोऱ्यामार्फत १९७३ सालापासून दिसूं लागलें. त्या काळीं गच्चीवर एक जण अँटेना फिरवी, दुसरा खिडकींत उभा राही, आणि तिसरा संचासमोर बसून ‘आलें, आलें, गेलें!’ असा पुकारा करी. लहरी कमी पोंचल्या तर पडद्यावर आधीं चार मुंग्या दिसत, मग त्यांचें वारूळ होई, माणसांना सावल्या फुटत. पण बातम्या ऐकूं येत, आणि आजार वाढत आहे हें घरांतल्या पोरासहि कळे. हल्लींच्या यंत्रांची रीत वेगळी. तारेंतून चित्र जात नाहीं, चित्राचे आंकडे जातात. आंकडे पोंचले तर चित्र निर्दोष. पोंचेनासे झाले तर एकदम अंधार. तार उत्तम असो कीं कशीबशी टिकून असो, चित्र तेंच आणि तेवढेंच सुंदर. कित्येक सद्गृहस्थ शेवटच्या दिवसापर्यंत ताठ मानेनें कचेरींत जातात आणि एका सकाळीं उठत नाहींत, तसाच हा प्रकार. क्वचित् एखादा इशारा मिळतो. पडद्यावर क्षणभर पांढरे ठिपके चमकून जातात. ते आम्हीं पाहिलेहि होते. परंतु समारंभांतल्या बायकांच्या कुड्यांतले हिरे चमकले असें समजून आम्हीं त्यांचें कौतुक केलें!

महिनाभर आम्हीं नाना उपाय केले. पेटी बंद करून चालूं केली. टी.व्ही.च्या मागील एका खांचेंतली तार काढून दुसऱ्या खांचेंत घातली. कपाटांत पेटी तापत असेल म्हणून तिला बाहेर स्टुलावर आणली. तिच्यांतलें सॉफ्टवेअर नवें केलें. एकाच रिमोटनें दोन्ही यंत्रें चालावींत अशी जी सोय असते तीहि बंद केली. हे सर्व उपाय चांगलेच आहेत, आणि यांपैकीं प्रत्येकानें कोणाचा ना कोणाचा तरी रोग बरा होतो. परंतु आम्हीं ते सारे एकाच दुपारीं केले. पांच वैद्यांचे पांच काढे एकदम घेतल्यावर गुण आला तरी कोणाचा आणि अपाय झाला तरी कोणाचा, हें कसें समजावें? सायंकाळीं पुन्हां अंधार पडला, तेव्हां आम्हांला कांहींच कळलें नव्हतें. पेटी स्टुलावर आली, एवढाच काय तो बदल.

शेवटीं वाट दाखविली ती आमच्या सौभाग्यवतींनीं. त्यांना तारांतलें आणि आंकड्यांतलें कांहीं कळत नाहीं असें आम्ही समजत होतों. त्यांच्यापाशीं दुधाच्या हिशेबाची एक वही असते. तिच्या मागच्या पानांवर त्यांनीं, आम्हांला न सांगतां, महिनाभराची टांचणें करून ठेवलीं होतीं. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, पडद्यावर काय चाललें असतां अंधार पडला, आणि त्या वेळीं घरांत काय चाललें होतें. इतकीं साधीं टांचणें! ती वही पुढें ठेवून त्या म्हणाल्या, ‘तीन गोष्टी मला दिसतात. बघा पटतात का.’

पहिली गोष्ट अशी. ‘अंधारांतहि दादा बोलत असतात,’ त्या म्हणाल्या. आम्हांला अर्थ कळेना. ‘अहो, दोन-तीन सेकंद चित्र जातें, आणि परत येतें तेव्हां दादा पुढें गेलेले असतात. पेटी अडखळली असती तर जेथें थांबले तेथूनच ते पुढें बोलले असते.’ हें आम्हांला सुचावयास हवें होतें. चित्र जागच्या जागीं गोठतें आणि मध्यें एखादें चक्र फिरूं लागतें, तेव्हां दोष डिस्कचा, पेटीचा किंवा इंटरनेटचा असूं शकतो. गोष्ट तेथेंच थांबलेली असते. परंतु पडदा काळा होऊन ‘सिग्नल नाहीं’ असें टी.व्ही. स्वतःच म्हणूं लागला, आणि गोष्ट मात्र पुढें सरकलेली असली, तर बोलणारा बोलत आहे व ऐकणाराहि जागा आहे. बिघाड वाटेंतला आहे.

दुसरी गोष्ट. जुने चित्रपट कितीहि वेळ चालूं द्या, अंधार एकदांहि पडला नाहीं. अंधार पडला तो केवळ घरगुती चित्रणांत, आणि त्यांतहि दादांच्या समारंभांत. ‘म्हणजे जें साधें आहे तें चालतें, आणि जें मोलाचें आहे तेंच नेमकें चालत नाहीं,’ असें त्या म्हणाल्या. तिसरी गोष्ट ऐकून तर आम्हांला हंसूंच आलें. शनिवारीं सव्वासातच्या सुमारास स्वयंपाकाच्या बाई वाटण करावयास घेतात. मिक्सर फिरूं लागला कीं अंधार वाढतो. समारंभ सात वाजतां सुरूं केला तर दादांचें भाषण बरोबर त्याच वेळीं येतें!

हंसूं ओसरल्यावर आम्ही पुस्तिका उघडून बसलों, आणि मग सगळा हिशेब उलगडत गेला. तो थोडक्यांत देतों. कारण असा प्रसंग अनेक घरीं येत असेल.

पेटी आणि टी.व्ही. यांना जोडणाऱ्या तारेला एचडीएमआय म्हणतात. या पद्धतीचें पहिलें प्रमाण डिसेंबर २००२ मध्यें ठरलें. तारेच्या टोकाला एकोणीस बारीक संपर्क असतात. त्यांतले कांहीं चित्र वाहून नेतात. कांहीं केवळ परस्परांची ओळख करून घेण्यासाठीं. तार जोडतांच पेटी टी.व्ही.ला जणूं नांव-गांव-गोत्र विचारते. टी.व्ही. आपण कोणकोणत्या मापाचीं चित्रें दाखवूं शकतों हें सांगतो. विकत घेतलेला चित्रपट असेल तर गुप्त किल्ल्यांची देवघेव होऊन समोरचा अधिकारी आहे कीं नाहीं याचीहि खातरजमा होते. एवढें झाल्यावर चित्र सुरूं होतें. वाटेंत प्रवाह तुटला तर दोघांना एकमेकांचें सूत्र पुन्हां जुळवून घ्यावें लागतें, आणि त्यांत दोन-तीन सेकंद जातात. तारेंतला खंड डोळ्याचें पातें लवण्याइतकाहि नसेल; अंधार लांबतो तो या पुन्हां जुळवाजुळवीमुळें. माणसांतहि संबंध तुटावयास एक शब्द पुरतो, वेळ लागतो तो पुन्हां बोलूं लागावयास.

आतां भाराचा हिशेब. आमच्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० बिंदु आहेत, म्हणजे सुमारें ८३ लाख. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि आमची पेटी ज्या वेगाचें चित्रण असेल त्याच वेगानें तें पुढें धाडते. पुतण्याचा फोन सेकंदाला ६० चित्रें टिपीत होता. चित्राबरोबर कांहीं मोकळी जागाहि पाठवावी लागते, आणि दर आठ आंकडे सुरक्षित पोंचावेत म्हणून ते दहा करून पाठवितात. हें सर्व धरून पूर्ण मापाच्या चित्रपटाला सेकंदास ८९१ कोटी आंकडे लागतात. दादांच्या समारंभाला लागत होते १७८२ कोटी, म्हणजे बरोबर दुप्पट! आणि पूर्वींचा आमचा जुना टी.व्ही. होता त्याचें काम ४४६ कोटींच्या आंतच भागत असे.

आतां तार. ती कोणती? ज्या तारेचा आम्हीं पुतण्यापाशीं एवढा अभिमान मिरविला होता ती तार २०११ सालीं घराला रंग दिला तेव्हां आम्हीं स्वतः बाजारांतून आणली होती. कपाट दिवाणखान्याच्या एका टोकाला आणि टी.व्ही. दुसऱ्या टोकाला, म्हणून तिची लांबी दहा मीटर. ती नळींत घालून भिंतींतून नेली आणि वरून गिलावा केला. तार दिसत नाहीं याचें येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं कौतुक केलें. त्या वेळीं चालूं असलेल्या प्रमाणाची मर्यादाच सेकंदाला १०२० कोटी आंकड्यांची होती. १८०० कोटींचें प्रमाण सप्टेंबर २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. म्हणजे आज आम्ही ज्या कामाची अपेक्षा करीत होतों त्याचें मापहि ती तार भिंतींत गेली तेव्हां ठरलेलें नव्हतें. त्यांतून तार जितकी लांब तितका प्रवाह वाटेंत क्षीण होतो. ही दहा मीटरांची म्हातारी तार चित्रपटाचें ओझें निमूटपणें वहात होती. दुप्पट ओझें पाठीवर आलें तेव्हां तिचा पाय लटपटूं लागला. मिक्सरच्या मोटारींत फिरत्या भागावर कोळशाचे ठोकळे घासतात व सूक्ष्म ठिणग्या उडतात. त्यांचा उपद्रव शेजारच्या तारांना होतो. पूर्वीं शेजारणीचा मिक्सर सुरूं झाला कीं आमच्या पडद्यावर रेघा उमटत, तो हाच उपद्रव. धडधाकट तार त्याला जुमानीत नाहीं. परंतु आमच्या तारेचें म्हणजे आधींच उल्हास, त्यांत फाल्गुन मास!

हा हिशेब मांडीत असतां एक गोष्ट आम्हांला हळूहळू आठवूं लागली. ती आठवूं नये असें फार वाटलें. दिवाळींत पुतण्यानें पेटीबरोबर एक लांब डबा आणला होता. ‘काका, ही तार नळींतून ओढून घेऊं. जुनी पुरायची नाहीं,’ असें तो म्हणाला होता. जुनी तार ओढतांना गिलाव्याला धक्का लागेल, नुकताच दिलेला रंग खराब होईल, म्हणून आम्हींच त्याला थांबविलें होतें. ‘आहे ती तार सोन्यासारखी आहे,’ हे शब्द आमचेच! तो डबा सौभाग्यवतींनीं माळ्यावर ठेवला होता. शिडी लावून आम्हीं तो खालीं काढला. मोहोर तशीच होती.

या वेळीं मात्र आम्हीं रीतीनें वागावयाचें ठरविलें. एका वेळीं एकच बदल, आणि त्याची नोंद वहींत. पहिल्यानें जुनीच तार, तेंच चित्रण, आणि मिक्सर सुरूं. वीस मिनिटांत चार वेळां अंधार. मग तारेला हात न लावतां पेटींत एकच बदल केला. सेकंदाला ६० ऐवजीं ३० चित्रें पाठवावींत असें तिला सांगितलें. भार निम्मा झाला. मिक्सर सुरूं असतांहि तासभरांत एकदांहि अंधार नाहीं. चित्रांतल्या हालचाली थोड्या कमी सफाईदार वाटल्या, पण ज्याला तार बदलणें शक्य नाहीं त्यानें एवढें केलें तरी भागेल. तिसऱ्या वेळीं पेटी पूर्ववत् साठांवर आणली आणि डब्यांतली नवी तार जमिनीवरूनच पसरली. या तारेंत चित्र तांब्यांतून जात नाहीं, कांचेच्या तंतूंतून प्रकाशरूपानें जातें. लांब अंतरालाहि ती दमत नाहीं आणि मिक्सरच्या ठिणग्यांची तिला बाधा होत नाहीं. जोडली, तों पडदा ठार काळा! क्षणभर आमच्या जुन्या स्वभावानें उचल खाल्ली. ‘पहा, यानें आणलेली वस्तु!’ हें वाक्य ओठांपर्यंत आलें होतें. सौभाग्यवतींनीं तारेच्या टोकांवरची बारीक अक्षरें आमच्या चष्म्यापुढें धरलीं. या तारेला दिशा असते. एक टोक पेटीचें, एक पडद्याचें. आम्हीं ती उलट जोडली होती!

सुलट जोडली. दोन तास समारंभ आरंभापासून शेवटापर्यंत दोनदां चालविला. या प्रयोगासाठीं सौभाग्यवतींनीं मिक्सरमध्यें शेंगदाणे घातले होते. पुढें आठ दिवस आमच्या घरीं प्रत्येक भाजींत कूट होतें. अंधार एकदांहि पडला नाहीं. कुड्यांतले हिरेहि आतां बेताचेच चमकत होते.

यंत्राचें काम येथें संपलें, आमचें राहिलें. संध्याकाळीं पुतण्याला फोन लावला. ‘तार बदलली,’ आम्ही म्हणालों. ‘तूं म्हणत होतास तेंच खरें होतें. पेटी चांगली आहे. चूक माझी होती. आणि ती मीं तुझ्या गळ्यांत बांधली.’ एवढींशीं चार वाक्यें उच्चारतांना आमच्या तोंडाला कोरड पडली. साठीपुढच्या माणसानें धाकट्याला असें म्हणण्याची आमच्या घरांत वहिवाट नाहीं. दादांनींहि ती पाडली नव्हती. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘काका, पेटीला हलकी म्हणालांत त्याचें कांहीं नव्हतें. आईसमोर बोललांत, एवढेंच लागलें.’ तें आम्हांला आधींच कळावयास हवें होतें. म्हणून फोन ठेवल्यावर आम्ही जिना चढून वर गेलों आणि वहिनींनाहि सर्व सांगितलें. तुमच्या मुलानें योग्य तीच तार आणली होती, ती मीं माळ्यावर टाकून दिली, आणि दोष त्याला दिला, असें स्वच्छ सांगितलें. वहिनी म्हणाल्या, ‘तो बोलला होता मला दिवाळींतच. पण तुमच्या भिंतीचा रंग नवा होता ना.’ म्हणजे त्यांना सारें ठाऊक होतें! आम्हांला खालीं पहावें लागूं नये म्हणून त्या महिनाभर गप्प राहिल्या होत्या, आणि अंधाराचा दोष त्यांनीं दादांच्या माथीं मारला होता. कारण तो त्याबद्दल रागावणार नव्हता.

पुढच्या शनिवारीं सात वाजतां दिवा लावून वहिनी खालीं आल्या. परगांवाहून पुतण्याहि आला होता. तो मागें खुर्चीवर बसला. सौभाग्यवतींनीं मिक्सर बंद ठेवावयास सांगितलें नाहीं. वाटण व्हावयाचें तें आंत होत होतें. दादा उभे राहिले. घसा साफ केला, पाहुण्यांचे आभार मानले, आणि मग म्हणाले, ‘आज पुष्कळांनीं मला हार घातले. पण रोज सकाळीं उठून चहा एकीनेंच दिला. तो बरा झाला आहे असें मीं तिला कधीं म्हटलें नाहीं. आज म्हणतों.’ टाळ्या झाल्या. दादा खालीं बसले.

पुन्हां दाखवूं का, असें आम्हीं विचारलें. वहिनींनीं मान हलविली. पदरानें चष्मा पुसून त्यांनीं तो परत डोळ्यांवर चढविला आणि म्हणाल्या, ‘साखर जरा जास्तच पडायची माझ्या हातून. म्हणून म्हणत नसत.’ मग मुलाकडे वळून त्यांनीं विचारलें, ‘तूं चहा घेणार ना?’

जुनी तार अजून भिंतींतच आहे. नवी जमिनीवरून, भिंतीच्या कडेनें गेली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसते. नळींतून ओढून घेऊं, असें पुतण्या म्हणतो. आम्हीं त्याला इतक्यांत नको म्हणून सांगितलें आहे.